मधमाशीचे दोन धडे

।। श्री गुरुदेव दत्त ।।

गेल्या वर्षी दत्तजयंतीच्या आधी आमच्या मंदिराच्या भांडारघराची साफसफाई निघाली. आम्ही दहा-बाराजण सेवेकरी सकाळीच जमलो. आतून काय काय निघावे! तेलाचे रिकामे डबे, फुटक्या समया, बिनदांड्याच्या पळ्या, मंडपाच्या फाटक्या कनाती, सात-आठ बंद पडलेले पंखे आणि भक्तांनी आणून ठेवलेल्या देवांच्या जुन्या तसबिरींची तर थप्पीच. एकेक वस्तू बाहेर आली की कोणीतरी म्हणायचे, "राहू द्या हो, लागेल कधीतरी." लगेच दुसरे कोणी म्हणायचे, "दहा वर्षं कुणी बघितलं नाही, टाका." बघता बघता दोन पक्ष पडले. दोन्हीकडे भली माणसे, दोघांचेही म्हणणे देवाच्याच हिताचे. संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळेपर्यंत निम्म्याहून अधिक सामान पुन्हा आत गेले आणि आम्ही अंग झटकून आरतीला उभे राहिलो.

आरती चालू असताना माझे लक्ष मात्र देवाकडे नव्हते. मनात एकच प्रश्न घोळत होता. वस्तू वाया घालवू नये, मोडले ते जोडावे, जुने ते वापरावे, ही आपल्या घरांची शिकवण. आणि संग्रह करू नये, हीही आपल्याच शास्त्राची शिकवण. अपरिग्रह हा पाच यमांपैकी एक यम आहे. मग एकाच घरात ही दोन्ही व्रते कशी पाळायची? कधीतरी लागेल म्हणून ठेवले तर संग्रह होतो, आणि उचलून टाकले तर उधळेपणा होतो.

हा प्रश्न मला नुसता विचार करण्यासाठी पडलेला नाही. या प्रश्नापायी माझ्या हातून एक मोठी चूक घडली आहे. ती पुढे सांगतोच. आधी थोडे आमच्या आईबद्दल.

आमचे बालपण मिरजेला तीन खोल्यांच्या घरात गेले. घरात माणसे आठ. आईचे नऊवारी लुगडे विरले की त्याच्या चांगल्या भागाचे बाळासाठी दुपटे व्हायचे. उरलेल्याची वाकळ शिवली जायची. वाकळ जीर्ण झाली की तिचे तुकडे पायपुसण्याला, त्यातूनही उरेल ते पोतेऱ्याला, आणि पोतेरे अगदीच चिंध्या झाले की चुलीत. म्हणजे एका लुगड्याला चार-पाच जन्म मिळायचे. शेवटी मात्र त्याला मुक्ती असायची. कल्हईवाला दारावर यायचा, छत्री दुरुस्त करणारा यायचा, कापूस पिंजणारा यायचा. बोहारीण जुन्या कपड्यांवर पातेले देऊन जायची आणि त्या पातेल्यासाठी आईची तिच्याशी अर्धा-अर्धा तास घासाघीस चालायची. त्या घरात काहीही वाया गेले नाही. आणि त्या घरात अडगळही नव्हती. हे दोन्ही एकत्र कसे जमत होते याचा विचार मी साठी उलटल्यावर केला.

याचे उत्तर मला एकादश स्कंधात सापडले. आपल्यापैकी बहुतेकांना ते प्रकरण ठाऊक आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात सातव्या ते नवव्या अध्यायांत अवधूत आणि यदुराजा यांचा संवाद आहे. भगवान श्रीकृष्ण तो उद्धवाला सांगतात. हा अवधूत म्हणजे आपले श्रीदत्तात्रेय, अशी आपली श्रद्धा आहे. नाथमहाराजांनी याच स्कंधावर मराठीत टीका लिहिली आणि 1573 साली काशीला ती पूर्ण केली. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी हे दत्तभक्त. तेव्हा चोवीस गुरूंची ही कथा आपल्या घरातलीच म्हणायची.

त्या चोवीस गुरूंत एक मधमाशी आहे. तिच्याकडून अवधूत एक नाही, दोन धडे घेतो. पहिला धडा असा की मधमाशी प्रत्येक फुलातून थोडे थोडे घेते आणि फुलाला इजा करत नाही. तसे साधूने घरोघरी थोडे थोडे मागून निर्वाह करावा. आपण 'माधुकरी' म्हणतो तो शब्द या मधुकरावरूनच आला. आपले दत्तमहाराज दुपारी करवीरक्षेत्री भिक्षेला येतात आणि रात्री माहूरला विश्रांतीला जातात अशी परंपरा आहे. खांद्यावर झोळी आहे, पण त्या झोळीचे कोठार कुठेही असल्याचे कोणी सांगितलेले नाही.

दुसरा धडा याच माशीचा, पण उलट बाजूचा. तीच मधमाशी घेतलेले साठवत जाते आणि त्या साठ्यापायीच तिचा नाश होतो. म्हणून भिक्षेकऱ्याने संध्याकाळसाठी, उद्यासाठी राखून ठेवू नये. पुढे पोळे झाडणारा मध काढून नेतो, तोही अवधूताचा एक गुरूच. कष्टाने साठवलेले, न खाल्लेले, न दिलेले धन तिसराच कोणीतरी घेऊन जातो, हा त्याचा धडा.

म्हणजे गोळा करणे हा दोष नाही. फुलाफुलातले थोडे वाया जाऊ न देता उचलणे हे तर साधूचे लक्षण ठरवले आहे. दोष येतो तो उचललेले थांबते तिथे. रस्त्यावरची चिंधी अवधूताने उचलली तर ती त्याच्या अंगावरची कंथा होते, थंडी वारते. तीच चिंधी मी उचलून माळ्यावर टाकली तर ती चिंधीच राहते, शिवाय माळाही अडतो. आईच्या घरातले लुगडे फिरत होते. कुठल्याच पायरीवर ते नुसते पडून राहिले नाही.

कोणी म्हणेल, हे सगळे संन्याशाचे झाले, आम्ही प्रापंचिक. वर्षाचे धान्य भरले नाही तर घर कसे चालेल? बरोबर आहे. गृहस्थाने साठवण केली नाही तर अतिथीला काय घालणार आणि आजारपणाला काय करणार? पण गृहस्थालाही मोकळे सोडलेले नाही. भागवताच्या सातव्या स्कंधात नारद युधिष्ठिराला गृहस्थधर्म सांगतात. आपले पोट भरेल तेवढ्यावरच आपला हक्क, त्याहून अधिक आपले म्हणणारा चोर ठरतो, असे ते स्पष्ट सांगतात. हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा माझ्या माळ्यावर न वापरलेल्या एकतीस डायऱ्या होत्या. पुस्तक मिटून ठेवले.

आता माझी चूक.

आमचे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणतो, सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. ते आमच्या जुन्या घरीच राहतात. दादांच्या हाताला विलक्षण गुण. इस्त्री, पंखा, कुकर, शिवणयंत्र, घड्याळ, गल्लीतली कुठलीही बंद वस्तू त्यांच्याकडे यायची आणि चालू होऊन जायची. एका पैशाचा स्पर्श नाही. "वस्तू मरत नाही रे, आपणच तिला मेली म्हणतो," असे ते हसून म्हणायचे. आम्हाला त्यांचा अभिमान होता.

वहिनी गेल्या आणि हळूहळू घराचे रूप बदलले. दुरुस्तीला आलेली वस्तू परत जाईना. सुट्या भागांसाठी म्हणून आणखी वस्तू येऊ लागल्या. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, शंभर-शंभराचे गठ्ठे बांधून ठेवलेले. वर्तमानपत्रे छतापर्यंत. मोडक्या छत्र्या मी एकदा मोजल्या, चौदा होत्या. पलंगावर सामान आले म्हणून दादा खुर्चीत झोपू लागले. स्वयंपाकघराच्या ओट्यावर जागा राहिली नाही म्हणून बाहेरचा डबा सुरू झाला.

आणि यात आम्हीही सामील होतो, हे कबूल केले पाहिजे. गल्लीतले, नात्यातले, आम्ही सगळेच घरातली मोडकी वस्तू दादांकडे नेऊन देत होतो. "दादा, तुम्हाला उपयोगी पडेल." टाकल्याचे पापही लागत नव्हते आणि आमचे घर मोकळे होत होते. आमच्या मनाची टोचणी आम्ही त्यांच्या खोलीत नेऊन साठवत होतो. आजही आपण फाटके कपडे, बिघडलेला मिक्सर कामवाल्या बाईंना देतो आणि दान केल्यासारखे वाटून घेतो, तेव्हा हाच प्रकार करत असतो. जे आपण भावाला देणार नाही ते दान नव्हे.

2012 सालची गोष्ट. दत्तजयंतीच्या सप्ताहाला दादा नृसिंहवाडीला गेले. गुरुचरित्राचे पारायण, सात दिवस मुक्काम. मला वाटले, हीच वेळ. मी, माझा पुतण्या आणि दोन मजूर असे लागलो कामाला. छोटा हत्ती टेम्पोच्या तीन खेपा झाल्या. भंगारवाल्याने चार हजार तीनशे रुपये दिले, ते मी पाकिटात घालून देव्हाऱ्यात ठेवले. फरशी धुतली, भिंतींना चुना दिला, पलंगावर नवी चादर घातली. मनात म्हटले, दादा बघून खूश होतील.

दादा आले. चपला काढल्या, आत आले आणि मध्येच उभे राहिले. ओरडले नाहीत. एवढेच विचारले, "कपाटामागं निळी पिशवी होती, ती कुठंय?"

त्या पिशवीत वहिनींचा चष्मा होता, दवाखान्याचे कागद होते आणि त्यांचे मनगटी घड्याळ होते. ते बंद पडलेले होते. दादांना ते दुरुस्त करायचे होते. मी पिशवी उघडूनही पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारच्या दुकानात जाऊन दुपारपर्यंत ढीग उपसला. पिशवी मिळाली नाही. दादा माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत. देव्हाऱ्यातल्या पाकिटाला त्यांनी हात लावला नाही. आणि दीड वर्षात घर पुन्हा होते तसे भरले.

त्या काळात मी स्वतःचे समाधान गुरुचरित्रातल्या एका कथेवर करून घेत असे. अठराव्या अध्यायातली घेवड्याची कथा. अमरापूरच्या गरीब ब्राह्मणाच्या दारात घेवड्याचा वेल होता. ज्या दिवशी भिक्षा मिळत नसे त्या दिवशी त्या शेंगांवर घर जगायचे. श्रीनृसिंहसरस्वती महाराज भिक्षेला आले, शेंगांची भाजी जेवले आणि जाताना तो वेलच उपटून टाकला. बायको रडू लागली. ब्राह्मणाने तिची समजूत घातली आणि वेलाचे मूळ काढायला तो खणू लागला तर खाली द्रव्याने भरलेला कुंभ. मी म्हणायचो, महाराजांनी केले तेच मी केले. धरून ठेवलेले उपटले, त्यात दादांचेच भले होते.

ही माझी तुलना किती खोटी होती हे कळायला वेळ लागला. वेलाखाली काय आहे हे महाराजांना ठाऊक होते. निळ्या पिशवीत काय आहे हे मला ठाऊक नव्हते आणि मी जाणून घेण्याची तसदीही घेतली नव्हती. उपटण्याचा अधिकार त्यांचा होता, माझा नव्हता. शिवाय कथेत एक गोष्ट आहे जी मी कितीतरी पारायणांत वाचूनही पाहिली नव्हती. मूळ खणून काढले ते ब्राह्मणाने, स्वतःच्या हाताने. कुंभ लागला तोही त्याच्याच हाताला.

पुढे एका मानसोपचार डॉक्टरांशी बोलणे झाले तेव्हा बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. साठवल्याशिवाय चैन न पडणे हा एक वेगळा मनोविकार म्हणून आता मानला जातो. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 च्या आपल्या ग्रंथात त्याची स्वतंत्र नोंद केली. त्याआधी तो मंत्रचळाच्या आजारातच धरत असत. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतही तो आता आहे. वस्तूची किंमत कितीही क्षुल्लक असली तरी ती टाकताना जिवाची तगमग होते आणि राहत्या खोल्या त्यांच्या कामाला वापरता येईनाशा होतात, ही त्याची मुख्य लक्षणे. पुष्कळदा त्याची सुरुवात तरुणपणीच झालेली असते आणि वयाबरोबर तो वाढत जातो. जवळचे माणूस गेल्यावर तो उफाळून येऊ शकतो. आणि घरच्यांनी जबरदस्तीने घर रिकामे केले तर मूळ दुखणे तसेच राहते, विश्वास तेवढा जातो आणि घर पुन्हा भरते. अगदी आमच्याकडे झाले तसेच.

तेव्हा वाचकहो, आपल्या ओळखीत असे कोणी असेल तर त्याला घाणेरडा, चिकट, आळशी म्हणू नका. भक्ती कमी पडली असेही म्हणू नका. आमचे दादा रोज पहाटे उठून दत्तबावनी म्हणणारे गृहस्थ. हा आजार आहे आणि त्यावर बोलून, हळूहळू सराव करून उपाय होतो. सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर आहे. तिथे मराठीतूनही बोलता येते.

मी दादांकडे दर गुरुवारी जायला लागलो. पहिले काही महिने नुसता बसलो. बसायला जागा नव्हती, उंबऱ्यावर बसायचो. मग एक दिवस दादाच म्हणाले, "तो खोका दे इकडं, बघू काय आहे." त्या दिवशी एक खोका झाला. प्रत्येक वस्तू दादांच्या हाती द्यायची, ठेवायची की द्यायची ते त्यांनी सांगायचे, मी मधे बोलायचे नाही, एवढाच नियम. आधी वर्तमानपत्रे, कारण त्यांच्यात जीव कमी अडकलेला. वहिनींच्या वस्तूंना हातच लावायचा नाही.

चोवीस गुरूंत एक कुमारिका आहे. घरी पाहुणे आलेले, ही साळी कांडते आहे आणि हातातल्या बांगड्या वाजतात. गरिबी बाहेर कळू नये म्हणून ती एकेक बांगडी काढते. दोन उरल्या तरी आवाज होतोच. मग प्रत्येक हातात एकच ठेवते आणि आवाज थांबतो. अवधूताने यातून एकांताचा धडा घेतला. मला तिची रीत लक्षात राहिली. बांगड्या तिच्या तिनेच कमी केल्या, एकेक करून केल्या आणि हात पूर्ण मोकळे केले नाहीत. दादांकडे तीन वर्षे गुरुवार चालले. घर चकचकीत झाले नाही. पण पलंग मोकळा झाला आणि दादा आडवे होऊन झोपू लागले. दुरुस्त केलेले पाच पंखे एका शाळेला गेले. ते द्यायला दादा स्वतः रिक्षाने गेले आणि पंखे बसवून फिरताना बघूनच परत आले. त्या दिवशी ते माझ्याशी दोन तास बोलत होते.

2017 साली मी निवृत्त झालो आणि घरी बसून स्वतःच्या माळ्याकडे पाहिले तेव्हा मला दादांच्या खोलीचीच सुरुवात दिसली. डायऱ्यांचे सांगितलेच. शिवाय टीव्हीचे, मिक्सरचे रिकामे खोके, जुने चार्जर, कुठल्या कुलपाच्या ते ठाऊक नसलेल्या किल्ल्या, श्रीखंडाचे रिकामे डबे चाळीस. आमच्या सौभाग्यवतींना विचारले, "हे डबे कशाला?" त्या म्हणाल्या, "सासूबाई एक डबा टाकत नव्हत्या, मी कशी टाकू?" तिचे खरेच होते. पण आईच्या काळी वर्षाला चार डबे घरात येत होते आणि आता आठवड्याला चार येतात. सवय तीच राहिली, आवक मात्र पन्नासपट झाली. टंचाईच्या दिवसांत जी काटकसर होती तीच भरपूर आवक असताना अडगळ बनते. म्हणून नुसते चांगले सांभाळणे पुरत नाही, दारातून आत येतानाच वस्तूला अडवावे लागते. घरून पिशवी न्यावी, डबा न्यावा. जी वस्तू घरात आलीच नाही तिच्या विल्हेवाटीची काळजीही नाही.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि जन्मभर बँकेत कारकून, त्यामुळे मला उपाय सुचला तोही खातेवहीतलाच. बँकेत एखादी रक्कम कुठल्या खात्याची हे कळेना तर ती तात्पुरती 'सस्पेन्स' खात्यात टाकतात. पण तपासनीस आला की पहिला प्रश्न याच खात्याबद्दल असतो. कुठली नोंद किती दिवसांची? का पडून आहे? आपले 'लागेल कधीतरी' हे घरातले सस्पेन्स खाते आहे. त्याला तपासनीस नाही, एवढेच. ज्या बचत खात्यात दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार नाही ते निष्क्रिय ठरते आणि दहा वर्षे कोणी मागितले नाहीत तर ते पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे जातात. पुढे मालक आला तर त्याला ते परतही मिळतात. पैशाला ही शिस्त आहे, मग खोक्याला का नसावी?

दुसरी गोष्ट आम्ही बी.कॉम.ला शिकलो. वर्षअखेरीस शिल्लक मालाची किंमत कशी धरायची? मूळ किंमत किंवा बाजारभाव, यांपैकी जी कमी असेल ती. आपण घरी उलटे करतो. बंद मिक्सर बघितला की त्याची पंधरा वर्षांपूर्वीची किंमत आठवते, नाहीतर चालू झाला तर किती कामाला येईल ते मनात येते. भंगारवाला शंभर रुपये म्हणतो तेव्हा आपण दुखावतो. खरी किंमत त्या शंभरातच आहे आणि दर वर्षी तीही कमी होते.

म्हणून आमच्या घरी आता एक टोपली आहे. तिला आम्ही झोळी म्हणतो. दुरुस्तीच्या, कधीतरी लागणाऱ्या वस्तू या टोपलीतच ठेवायच्या, बाहेर नाही. प्रत्येकीला चिठ्ठी चिकटवून तारीख लिहायची. दर पौर्णिमेला झोळी रिकामी करायची. कुकरची रिंग आणायची तर त्या महिन्यात आणायची. पंख्याचा कपॅसिटर बदलायचा तर त्या महिन्यात बदलायचा. झाले नाही तर ज्याला त्या वस्तूचा धंदा आहे त्याला ती द्यायची, म्हणजे भंगारवाल्याला किंवा दुरुस्तीवाल्याला. भंगारवाल्याकडे गेलेले पितळ वितळून पुन्हा पितळ होते, कागदाचा पुन्हा कागद होतो. माळ्यावरच्या कागदाला मात्र वाळवी लागते. मोबाइलच्या जुन्या फुगलेल्या बॅटऱ्या आणि ट्यूबलाइट एवढ्या वेगळ्या काढाव्यात, त्या ओल्या-सुक्या कचऱ्यात घालू नयेत आणि घरीही ठेवू नयेत. मुदत संपलेली औषधेही तशीच.

आता आपल्या भाविकांचा खास प्रश्न. देवाचे चित्र असलेल्या वस्तूंचे काय करायचे? प्रत्येक लग्नपत्रिकेवर गणपती, प्रत्येक कॅलेंडरवर महाराज. टाकवत नाही म्हणून कपाटाचा एक कप्पा त्यांनीच भरलेला. आणि भंगलेल्या तसबिरी आपण रात्रीच्या वेळी पिंपळाखाली किंवा मंदिराच्या ओट्यावर गुपचूप ठेवून येतो. भांडारघरातली ती थप्पी अशीच जमली होती. आपल्याला जी जबाबदारी नको ती आपण देवाच्याच दारात ठेवली, आणि तिला श्रद्धा म्हटले. नदीत सोडले तर कृष्णामाईच्या पोटात काच आणि प्लॅस्टिक जाते. मी काय करतो ते सांगतो, ज्यांना पटेल त्यांनी घ्यावे. नमस्कार करून तसबीर उघडायची. काच आणि लाकूड वेगळे काढून वापरात किंवा भंगारात द्यायचे. साधा कागद असेल तर बादलीत भिजवून त्याचा लगदा करायचा आणि परसात मातीत पुरायचा. गुळगुळीत प्लॅस्टिक चढवलेला कागद मात्र मातीत जिरत नाही, तो सुक्या कचऱ्यात वेगळा गुंडाळून द्यायचा. निर्माल्याचे खत करायचे. आवाहन केलेल्या देवाचे आपण विसर्जन करतोच ना? ज्या धर्माला देवाची मूर्तीही मातीला परत देता येते त्या धर्माच्या माणसाला पत्रिका सोडता येऊ नये, हे बरे नव्हे.

वाचकांपैकी काही म्हणतील, एवढ्याशा डब्यांचा आणि खोक्यांचा केवढा हा विचार! पण वयाच्या या टप्प्यावर मला हा विचार लहान वाटत नाही. आपण गेल्यावर आपली मुले माळा उघडणार आहेत. माझ्यासारखाच कोणीतरी घाईत, पिशवी न उघडता तीन खेपा करणार आहे. आपल्या निळ्या पिशवीत काय आहे हे आपणच आधी सांगून ठेवलेले बरे. जे खरेच जिवाचे आहे ते एका डब्यात, नाव लिहून ठेवावे. बाकीचे आपल्या हाताने, जिवंतपणी देऊन टाकावे. पोळे झाडणारा येणारच आहे. त्याच्या आधी मध वाटून झालेला असावा.

या वर्षी भांडारघर पुन्हा उघडले. या खेपेला मी दादांना बरोबर नेले. आता त्यांचे वय एक्याऐंशी. त्यांनी खुर्चीवर बसून सातही पंखे पाहिले. चार चालू होतील म्हणाले, तिघांचे सुटे भाग काढून घ्या म्हणाले. चार पंखे जयंतीच्या मंडपात लागतील, ते वरती फिरताना आपल्याला दिसतीलच. तिघांचे उरलेले सांगाडे त्याच दिवशी भंगारात गेले. ते उचलताना दादांनी एकदा हात लावून पाहिला आणि म्हणाले, "जाऊ दे."

निळ्या पिशवीबद्दल त्यांनी मला पुन्हा कधी विचारले नाही. मीही काढले नाही. त्या घड्याळाची भरपाई माझ्याजवळ नाही. जयंतीला पाळणा म्हणताना दरवर्षी मला ते आठवते, आणि महाराजांपुढे हात जोडून मी एवढेच मागतो की दुसऱ्याचे उपटण्याची घाई मला पुन्हा होऊ नये आणि स्वतःचे सोडायला उशीर होऊ नये.

।। अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ।।